हात झटकणारे आणि हात धुणारा

व्हिएन्ना शहरातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला शेजारी-शेजारी दोन बाळंतघरे होती. रुग्णालय एक, हवा एक, औषधे एक. येणाऱ्या बायकाही एकाच थरातल्या. बहुतेक गरीब, अनेकजणी अविवाहित. उपचार फुकट मिळत आणि त्याच्या बदल्यात शिकणाऱ्यांना आपल्याला तपासू द्यावे लागे. फरक एवढाच, की १८४० पासून पहिल्या विभागात डॉक्टरकीचे विद्यार्थी शिकत आणि दुसऱ्यात सुईणी. कोणत्या बाईने कुठे जायचे, हे तिच्या प्रकृतीवरून नव्हे तर दिवसावरून ठरे. एक दिवस पहिल्या विभागाचा, पुढचा दुसऱ्याचा.

१८४१ ते १८४६ या सहा वर्षांत पहिल्या विभागात २०,०४२ बाळंतपणे झाली आणि १,९८९ बाळंतिणी दगावल्या. दुसऱ्या विभागात १७,७९१ बाळंतपणे झाली आणि ६९१ जणी गेल्या. म्हणजे शिकल्यासवरल्या डॉक्टरांच्या हातून शंभरात दहा आणि सुईणींच्या हातून शंभरात चारदेखील नाहीत!

माझी सारी नोकरी बँकेत गेली. दोन रकाने शेजारी मांडले आणि ते जुळले नाहीत, तर रात्री घरी जाता येत नाही, हा आमच्या पिढीतल्या बँकवाल्यांचा संस्कार. कादंबऱ्या लिहू लागलो तरी तो सुटला नाही. त्यामुळे डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस या माणसाची आणि माझी ओळख झाली ती त्याच्या शोधामुळे नव्हे, या दोन रकान्यांमुळे. सहा वर्षे ते एकाच रुग्णालयाच्या दफ्तरात नोंदले जात होते. मग ते कुणाला खटकले कसे नाहीत?

खटकले होते. बायकांना तर ते पुरते ठाऊक होते. आज पहिल्या विभागाचा दिवस आहे असे कळले, की त्या डॉक्टरांचे पाय धरत, घरी जाऊ द्या म्हणून गयावया करीत. काहीजणी तर येता येता रस्त्यातच बाळंत होत आणि नवल असे, की त्यांच्यात हा ताप क्वचितच दिसे. अंगात थंडी भरायची, पोट फुगायचे आणि काही दिवसांत सारा खेळ आटपायचा. आपल्याकडे या दुखण्याला सूतिकाज्वर म्हणत. कितीतरी घरांतल्या पणज्या आणि खापरपणज्या अशाच तापाने गेल्या आहेत.

वाण्याचा मुलगा

सेमेलवाइसचा जन्म १ जुलै १८१८ चा, डॅन्यूब नदीकाठच्या बुडा गावचा. पुढे १८७३ साली बुडा, ओबुडा आणि पेस्ट मिळून बुडापेस्ट झाले. वडील किराण्याचे व्यापारी, खाऊनपिऊन सुखी. मुलाने कायदा शिकावा म्हणून त्याला १८३७ साली व्हिएन्नाला पाठवले. वर्षभरात त्याने कायदा सोडला आणि तो वैद्यकीकडे वळला. १८४४ साली पदवी मिळाली आणि जुलै १८४६ मध्ये पहिल्या बाळंतघरात तो असिस्टंट म्हणून रुजू झाला. विभागाचे प्रमुख होते प्रोफेसर योहान क्लाइन.

व्हिएन्नाचे वैद्यकशास्त्र तेव्हा ऐन भरात होते. प्रोफेसर रोकिटान्स्की यांच्यामुळे शवविच्छेदनाला मोठी प्रतिष्ठा आली होती. ग्रंथात काय लिहिले आहे हे न पाहता प्रत्यक्ष शरीर उघडून रोग शोधायचा, हा नवा विचार. तो योग्यच होता. सेमेलवाइसही त्याच शाळेतला. तो रोज सकाळी शवागारात जाई, आदल्या दिवशी दगावलेल्या बाळंतिणींची शरीरे तपाशी आणि मृत्यूचे कारण शोधी. तिथून तो बाळंतघरात येई आणि जिवंत बायकांना तपाशी. विद्यार्थीही तेच करीत. दुसऱ्या विभागातल्या सुईणींच्या शिक्षणात मात्र शवविच्छेदन नव्हते.

वाचकांना उत्तर एव्हाना दिसले असेल. पण आपल्याला ते दिसते, कारण आपण जंतूंविषयी शाळेतच शिकलो आहोत. त्या काळी जंतू कुणाच्या स्वप्नातही नव्हते. रोग दूषित हवेतून येतो, ऋतुमानातून येतो, रोग्याच्या स्वतःच्या प्रकृतिदोषातून उद्भवतो, असे शहाण्या माणसांचे मत होते.

मृत्यू फार वाढले तेव्हा सरकारी रिवाजाप्रमाणे समिती नेमली गेली. समितीने निदान केले, की विद्यार्थी, विशेषतः परदेशी विद्यार्थी, तपासताना धसमुसळेपणा करतात. मग विद्यार्थ्यांची संख्या ४२ वरून २० वर आणली आणि परदेशी जवळजवळ सगळे काढून टाकले. काही महिने मृत्यू कमी झाले. सगळ्यांना हायसे वाटले. एप्रिल १८४७ मध्ये मात्र शंभरात अठराजणी गेल्या!

सेमेलवाइस स्वतःही चाचपडत होता. दुसऱ्या विभागात बायका कुशीवर बाळंत होत, म्हणून त्याने आपल्याकडेही तसे करून पाहिले. पहिल्या विभागात मरणासन्न बाईकडे जाणारा धर्मगुरू घंटेसह सगळ्या खोल्यांतून जाई. त्या घंटेच्या धसक्याने बायका मरत असतील असे वाटून त्याने पाद्रीबोवांना घंटा न वाजवता आडवाटेने यायला लावले. फरक शून्य.

मित्राचा मृत्यू

मार्च १८४७ मध्ये तो सुट्टी घेऊन व्हेनिसला गेला. परतला तेव्हा कळले, की त्याचे स्नेही प्रोफेसर याकोब कोलेच्का वारले. शवविच्छेदन शिकवताना एका विद्यार्थ्याची सुरी त्यांच्या बोटाला लागली होती. सेमेलवाइसने त्यांच्या शवविच्छेदनाचा अहवाल वाचला आणि तो हादरला. बाळंतिणींच्या शरीरात तो रोज जे पाहत होता, तेच सारे इथे होते. कोलेच्का पुरुष होते. ना गर्भ, ना बाळंतपण. त्यांच्या शरीरात गेले होते ते सुरीवरचे प्रेताचे कण. मग बायकांच्या शरीरात तेच कण कोण नेत होते? डॉक्टरांची बोटे!

ती बोटे साबणाने धुतलेली असत. पण वास जात नसे. मे १८४७ च्या मध्यापासून त्याने विभागाच्या दारात क्लोरीनच्या पाण्याचे भांडे ठेवले. पुढे ते महाग पडते म्हणून त्याने क्लोरिनयुक्त चुना वापरायला घेतला. म्हणजे आपल्याकडे पावसाळ्यात विहिरीत टाकतात ती ब्लीचिंग पावडर. बोटे त्यात घासून, वास गेल्याशिवाय कुणीही बाईला हात लावायचा नाही, असा दंडक घातला. एप्रिलमध्ये शंभरात अठरा असलेले मृत्यू जून महिन्यात दोनच्या आसपास आले, जुलैमध्ये एकाच्या. १८४८ या पूर्ण वर्षाचे प्रमाण १.२७ टक्के भरले, सुईणींच्या विभागापेक्षाही किंचित कमी. त्या वर्षी मार्च आणि ऑगस्ट या दोन महिन्यांत तर एकही बाळंतीण दगावली नाही.

मधे ऑक्टोबर १८४७ मध्ये एक अघटित घडले. गर्भाशयाचा कर्करोग झालेली एक बाई पहिल्या खाटेवर होती. तिला तपासून त्याच फेरीत पुढच्या बायकांना तपासले गेले आणि बाराजणींपैकी अकराजणी गेल्या. तेव्हा त्याला उमगले, की प्रश्न केवळ प्रेताचा नाही. जिवंत माणसाच्या सडलेल्या जखमेतूनही हे विष येते. म्हणून हात प्रत्येक बाईनंतर धुवायला हवेत. माझ्या मते माणूस मोठा ठरतो तो इथे. स्वतःच्या शोधालाही चिकटून न राहता त्याने तो आठ-दहा दिवसांच्या बाळासारखा वाढू दिला.

का मानले नाही?

इतके लखलखीत आकडे समोर असताना व्हिएन्नाने काय केले? मार्च १८४९ मध्ये सेमेलवाइसची मुदत संपली. ती वाढवली नाही. त्याच्या जागी आलेल्या डॉक्टर कार्ल ब्राउन यांनी पुढे १८५५ साली पाठ्यपुस्तक लिहिले. त्यात सूतिकाज्वराची तीस कारणे दिली आणि प्रेताच्या विषाला अठ्ठाविसावे स्थान दिले.

याची कारणे अनेक सांगतात. १८४८ साली व्हिएन्नात आणि हंगेरीत क्रांतीचा वणवा पेटला होता, क्लाइन राजनिष्ठ जुन्या पठडीतले आणि सेमेलवाइस हंगेरीचा. हे सारे खरेच आहे. पण मला मुळाशी दिसते ते वेगळे. त्या रुग्णालयाला बदलाचे वावडे नव्हते. विद्यार्थी कमी करा, चालेल. परदेशी काढा, चालेल. बाळंतपणाची पद्धत बदला, घंटा बंद करा, सगळे चालेल. फक्त एक गोष्ट मान्य होण्यासारखी नव्हती. जो वाचवायला आला, त्याच्याच हातून मरण जाते, ही. ते मान्य करायचे तर एक भांडे दारात ठेवून भागत नव्हते. स्वतःविषयीची समजूत बदलावी लागत होती आणि मागच्या सगळ्या वर्षांचा हिशेब उघडावा लागत होता. जर्मनीत कील शहरी डॉक्टर मिखाएलिस यांनी तो उघडला. त्यांनी तपासलेली त्यांची स्वतःची नातेवाईक याच तापाने गेली होती. त्यांना ते सहन झाले नाही. ऑगस्ट १८४८ मध्ये त्यांनी रेल्वेखाली जीव दिला. सेमेलवाइसनेही आपल्या ग्रंथात स्वच्छ लिहून ठेवले आहे, की इतरांपेक्षा आपण अधिक प्रेते हाताळली आणि त्यामुळे आपल्या हातून गेलेल्यांची गणती ईश्वरालाच ठाऊक. हे लिहायला जे बळ लागते, ते त्याच्या वरिष्ठांपाशी नव्हते.

फार लहान प्रमाणावर असेच मी पाहिले आहे. माझ्या नोकरीतल्या एका शाखेत महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शनरांची रीघ लागे. म्हातारी माणसे टोकन हातात धरून तास-दीड तास बसत. तक्रारी वर गेल्या, की वरून साहेब येत. आधी बाके वाढवली, मग पंखे आले, मग रांगेसाठी दोऱ्या बांधल्या. एका नव्या क्लार्कने जुन्या परिपत्रकांची फाईल काढली आणि दाखवून दिले, की पैसे काढण्याच्या लहान रकमेच्या स्लिपवर एकच सही पुरेशी असल्याचा आदेश चार वर्षांपूर्वीच आलेला आहे. आम्ही तिला तीन टेबले फिरवत होतो. तिथे नुकताच बदलून आलेला मी आणि तो क्लार्क, दोघांनी मिळून वर पत्र लिहिले. उत्तर आले नाही. त्याला मात्र तोंडी समज मिळाली, की नव्याने शहाणपणा शिकवू नये. गंमत अशी, की आमचे वरिष्ठ दुष्ट मुळीच नव्हते. पेन्शनरांविषयी त्यांना खरा कळवळा होता. म्हणून तर पंखे आले! पण तिसरी सही त्यांची स्वतःची होती आणि ती अनावश्यक आहे, हे ऐकणे त्यांना अपमानाचे वाटले. आमच्या शाखेत कुणाचा जीव गेला नाही, एवढाच काय तो फरक.

क्रिस आर्गिरिस नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने संस्था कशा शिकतात यावर १९७० च्या दशकात पुष्कळ लिहिले. त्याने खोलीचे तापमान राखणाऱ्या थर्मोस्टॅटचे उदाहरण दिले आहे. गारठा वाढला की यंत्र उष्णता सोडते, उकडू लागले की थांबते. म्हणजे चूक दुरुस्त करते. पण मुळात जे तापमान ठरवले आहे तेच योग्य आहे का, हा प्रश्न ते यंत्र विचारीत नाही. बहुतेक संस्था अशाच शिकतात. आर्गिरिसने १९९१ सालच्या एका लेखात असेही दाखवले, की हे शिकणे सर्वांत जड जाते ते हुशार आणि यशस्वी माणसांना. नापास होण्याची सवयच नसल्यामुळे दोष अंगाशी येऊ लागला, की ती बोट दुसरीकडे दाखवतात. व्हिएन्नाच्या प्रोफेसरांना हे किती चपखल बसते!

तोही अडकला

पण सगळा दोष दुसऱ्या बाजूचा, असे लिहिले तर ते चरित्र होणार नाही, आरती होईल. सेमेलवाइसचीही एक पक्की समजूत होती. सत्य एकदा आकड्यांनी सिद्ध झाले, की ते आपोआप मान्य होते, अशी. त्यामुळे त्याने लिहिलेच नाही. त्याच्या वतीने मित्र हेब्रा यांनी डिसेंबर १८४७ मध्ये लेख लिहिला, १८४९ साली प्रोफेसर श्कोडा यांनी व्याख्यान दिले. त्यातून युरोपभर पोचले ते एवढेच, की ताप प्रेतामुळे होतो. मग जिथे प्रेते चिरलीच जात नव्हती आणि तरी ताप होता, तिथले डॉक्टर म्हणू लागले, की सिद्धान्त खोटा. कर्करोगाच्या बाईवरून तो जे शिकला होता, ते त्यांच्यापर्यंत गेलेच नव्हते.

ऑक्टोबर १८५० मध्ये त्याला शिकवण्याची परवानगी मिळाली ती फक्त बाहुलीवर. अपमान असह्य होऊन तो काही दिवसांतच मित्रांचा निरोपही न घेता व्हिएन्ना सोडून पेस्टला गेला. ज्यांनी त्याची बाजू लढवली होती, तेही दुखावले. पेस्टच्या सेंट रोकस रुग्णालयात त्याने बिनपगारी काम पत्करले आणि १८५१ ते १८५५ या काळात ९३३ बाळंतपणांत सूतिकाज्वराचे फक्त ८ मृत्यू होऊ दिले. १८५५ साली तो तिथल्या विद्यापीठात प्रोफेसर झाला, १८५७ साली मारिया वायडेनहोफर हिच्याशी त्याचे लग्न झाले, मुलेबाळे झाली. संसार सुखाचा होता. पण ती खदखद गेली नाही. ग्रंथ निघाला १८६१ साली, म्हणजे शोधानंतर चौदा वर्षांनी. लांबण लावलेला आणि विरोधकांवर जागोजाग तुटून पडणारा. त्याचे स्वागत थंडे झाले, तेव्हा त्याने युरोपातल्या नामवंत प्रसूतितज्ज्ञांना उघड पत्रे लिहिली आणि त्यांना सरळ खुनी ठरवले. आकड्यांच्या दृष्टीने त्याचे चुकत नव्हते. पण ज्याला आपण खुनी म्हणतो, तो हात धुवायला भांड्यापाशी येत नाही. तो दार लावून घेतो.

१८६५ च्या उन्हाळ्यात त्याचे वागणे बिघडले. रोग मेंदूचा होता की मनाचा, यावर जाणकारांत अजून एकमत नाही. जुलैअखेर त्याला व्हिएन्नाला आणले. हेब्रा यांनी आपली नवी संस्था दाखवतो अशा मिषाने त्याला वेड्यांच्या इस्पितळात नेले. त्याने निसटायचा प्रयत्न केला. रखवालदारांनी त्याला बेदम मारले असावे, असे शंभरहून अधिक वर्षांनी उजेडात आलेल्या कागदपत्रांवरून दिसते. १३ ऑगस्ट १८६५ रोजी, वयाच्या ४७ व्या वर्षी तो गेला. जखम चिघळून रक्तात विष भिनले होते. कोलेच्का ज्याने गेले आणि त्या हजारो बाळंतिणी ज्याने गेल्या, त्याच जातीचे हे मरण.

आदल्याच दिवशी, १२ ऑगस्टला, स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात जोसेफ लिस्टर यांनी एका मुलाच्या मोडलेल्या पायाची जखम कार्बोलिक अॅसिडने बांधली होती. आणि १८७९ साली लुई पाश्चर यांनी पॅरिसच्या वैद्यक अकादमीत सूतिकाज्वराचे साखळीसारखे जंतू फळ्यावर काढून दाखवले. मग जग हात धुऊ लागले. आज बुडापेस्टमधल्या वैद्यकीय विद्यापीठाला १९६९ पासून सेमेलवाइसचे नाव आहे. त्याच्या जन्मघरात संग्रहालय आहे.

हे वाचून आपण युरोपला हसायचे कारण नाही. स्मशानातून आल्यावर अंघोळ केल्याशिवाय घरात न येणारी आपली माणसे बाळंतिणीला मात्र घरातली सर्वांत अंधारी, कोंदट खोली देत आणि नाळ कापायला हाताला येईल ते पाते घेत. कितीतरी अर्भके धनुर्वाताने गेली आणि दोष गेला तो नशिबाला, नाहीतर कुणाच्या तरी दृष्टीला. पाते मात्र निर्दोष सुटले. २०२० साली करोनाच्या धास्तीने आपण सगळे वीस-वीस सेकंद हात धुऊ लागलो. पण त्याच्याही आधी, २००९ पासून, जागतिक आरोग्य संघटनेला दर वर्षी ५ मे या दिवशी रुग्णालयांतल्या लोकांना हात धुण्याची आठवण द्यावी लागते आहे. शिकलेले टिकवणे हे शिकण्याइतकेच कठीण असते.

मला या सगळ्यात राहून राहून आठवण येते ती एका अनाम माणसाची. त्या दोन विभागांचे आकडे रोजच्या रोज कुणीतरी वहीत उतरवत असणार. आमच्यासारखाच एखादा कारकून. त्याने एकही मृत्यू लपवला नाही, एकही बेरीज चुकवली नाही. दफ्तर चोख होते. उत्तर त्यात सहा वर्षे लिहिलेले होते. आपल्याही घरांत, कचेऱ्यांत आणि शाळांत अशी दफ्तरे चोख ठेवलेली असतात. तक्रारवही वाचताना यात माझा हात कुठे आहे, एवढा एक प्रश्न ज्याला विचारता येतो, त्याच्या दारात भांडे ठेवायला बाहेरून कुणी यावे लागत नाही.